बिनशिगेची खोकी

साहेब मंडईतून सायकलवर परत यायचे तेव्हा त्यांची छत्री उघडी असायची, पण डोक्यावर नसायची. कॅरिअरला बांधलेल्या कोथिंबिरीच्या पाटीवर असायची. सोलापूरचा एप्रिल, बाराचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि हा माणूस उघड्या टकलाने पेडल मारतोय, एक हात हँडलवर आणि दुसरा मागे वळवून छत्री सावरतोय. अधूनमधून पडायचेही. पडले की आधी पाटी तपासायचे, मग गुडघा. ऑफिससमोरचा पानवाला त्यांना बघून रोज हात जोडायचा. भक्ती कसली, हसू दाबायला हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

मी तेव्हा भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या एका सहकारी संघात टायपिस्ट होते. संघाचं नाव सांगत नाही, कारण त्यातली काही मंडळी अजून आहेत आणि आमच्याच पेठेत राहतात. दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं, आणि मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत ज्याला त्याला टोमॅटो लावायचं वेड लागलं होतं. टोमॅटो यायचेही भरघोस. मग ते तोडायचे, बांबूच्या डालग्यात दाबून भरायचे, ट्रकमध्ये एकावर एक चढवायचे, आणि मुंबईला पोचेपर्यंत त्यांचं सार करायचं. फक्त फोडणी तेवढी राहायची. ही गोष्ट कशी कोण जाणे सरकारच्या कानावर गेली आणि आमच्या संघात 'टोमॅटो नासाडी प्रतिबंधक कक्ष' निघाला. कक्ष म्हणजे एक टेबल, न फिरणारा एक पंखा आणि शेतकी खात्याने उसने दिलेले हे साहेब.

नासाडीचे साहेब असंच सगळे म्हणायचे त्यांना. त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. फोनवर स्वतःही सांगायचे, "हां, मी नासाडीचाच बोलतोय."

त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. ते त्यांनी संचालकांना ऐकवलं, हमालांना ऐकवलं, ऑफिसात पाणी भरायला येणाऱ्या बाईला ऐकवलं, आणि मला इतक्यांदा, की माझ्या बोटांना ते पाठ होतं. भाजी देठापासून तोडली म्हणजे मेली असं समजायचं नाही. ती जिवंत असते, श्वास घेते, तिला घाम येतो. ऊब वाढली की श्वास वाढतो, आणि श्वास वाढला की आयुष्य कमी होतं. तेव्हा आपलं काम एवढंच, तिला शांत ठेवायचं. धक्का नको, ऊन नको, उगाच हात नको. एवढं बोलून ते थांबायचे आणि समोरच्याकडे असे बघायचे, की त्याला वाटावं, सकाळी आपणच त्या वांग्याला चिमटा काढला.

संघाच्या आवारात एकच कडुनिंब होता. त्याची सावली जशी सरकेल तशी डालगी सरकवायची, असा त्यांचा हुकूम. हमाल बिचारे दिवसभर झाडाभोवती फिरत. त्याच सावलीत अध्यक्षांची जीप उभी राहायची, कारण अध्यक्षांची जीप तिथे उभी राहणारच की. साहेबांनी ती एक दिवस ढकलून उन्हात काढायला लावली. ड्रायव्हर घाबरला, तेव्हा त्याला म्हणाले, गाडी काही श्वास घेत नाही. दुपारी अध्यक्ष सभा आटोपून बाहेर आले, ऐटीत सीटवर बसले आणि बसल्या जागेवरून जे उठले ते थेट कडुनिंबाखाली. धोतर पातळ होतं बिचाऱ्यांचं. आवारात कुणी हसलं नाही. सगळे आत येऊन हसले.

एकदा साहेबांनी घरातला ताप बघायचा थर्मामीटर आणून टोमॅटोच्या डालग्यात खुपसला. पारा चढला तो चढलाच, आणि नळी फुटली. डॉक्टरच्या थर्मामीटरला सोलापूरचा उन्हाळा झेपत नाही, हे त्यांना कुणीही सांगितलं असतं, पण विचारतील तर ते साहेब कसले. टोमॅटोत पारा सांडला म्हणून ते अख्खं डालगं पुरून टाकावं लागलं. त्या दुपारी साहेबांनी डबा उघडला आणि परत बंद केला. मला म्हणाले की आजची नासाडी माझ्या हातची, मला जेवण जाणार नाही. मी म्हटलं, साहेब, डब्यातली भाजी आंबेल हो. तेव्हा कुठे चटकन जेवायला बसले.

भेंडी खरं तर त्यांच्या अखत्यारीत येत नव्हती. कक्ष टोमॅटोचा. पण तो माणूस अखत्यारीत थोडाच मावणारा. आमच्याकडे बाई भेंडी घेताना टोक मोडून बघते. कट्‌कन मोडलं तर कोवळी, लवलं तर जून. जून निघाली की ती ढिगात परत टाकायची आणि दुसरी उचलायची. मग दुसरी बाई येते, तिसरी येते, आणि संध्याकाळपर्यंत भेंडीवालीपुढे नुसत्या शेंडेमोडक्या काळ्या भेंड्या उरतात. साहेब मंडईत जाऊन त्या भेंडीवालीच्या शेजारी उभे राहायला लागले. येईल त्या बाईला हात जोडून सांगायचे, ताई, मोडू नका, अंगावरची लव बघा, लव असेल तर कोवळीच. बायका पदर तोंडाला लावून पुढे जायच्या आणि भेंडी दुसरीकडे मोडायच्या. भेंडीवालीचा धंदा बसला. तिने साहेबांना जागा बदलायला सांगितलं.

एक दिवस इरकली नेसलेली एक भारदस्त बाई आली. तिने एक भेंडी मोडली, दुसरी मोडली. साहेबांनी सांगून पाहिलं. तिने तिसरी मोडली. तेव्हा साहेब म्हणाले, "आपण आणखी किती जणींचा जीव घेणार आहात?" त्या बाईने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून चौथी कट्‌कन मोडली, टोपलीत टाकली आणि चालती झाली. त्या आमच्या अध्यक्षांच्या पत्नी होत्या, वहिनीसाहेब. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी साहेबांना बोलावून सांगितलं की टोमॅटोत काय घालायचा तो गोंधळ घाला, आमच्या घरच्या भेंडीत पडू नका. वहिनीसाहेब पुढे हळदीकुंकवाला मला भेटल्या तेव्हा विचारत होत्या, "तो तुमचा माणूस बायको बघायला गेला होता तेव्हासुद्धा लवच बघितली असेल की हो?"

त्यांच्या बायकोला मी एकदाच भेटले. सही घ्यायला घरी गेले होते. मार बसलेले, चिरलेले, कुणी विकत न घेतलेले टोमॅटो साहेब रोज पिशवीत घालून घरी न्यायचे, हे आम्हाला माहीत होतं. खाल्लं म्हणजे नासाडी झाली नाही, असा त्यांचा हिशेब. त्या माउलीने मला पोह्यांबरोबर टोमॅटोची चटणी दिली, कोशिंबीर दिली, आणि वर सांगितलं, "बाई, ह्या घरात आल्यापासून मी धडका टोमॅटो बघितलेला नाही. कसा असतो हो?" साहेब आतून ओरडले की धडका लोकांना जातो, आपल्याला कशाला. त्यांना त्यात विनोद दिसला नव्हता. मला मात्र त्या बाईचा फार कळवळा आला.

आता खोक्यांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन ठेपलं होतं.

कक्षाला पैसे द्यायचे ते पुण्याचे मोठे साहेब. त्यांनी निरोप धाडला होता की या हंगामात काहीतरी करून दाखवा, नाहीतर कक्ष बंद आणि तुम्ही परत खात्यात. आमच्या साहेबांनी त्या निरोपाची फार धास्ती घेतली. बदलीला ते भीत नव्हते. आठ गावं फिरलेला माणूस, नववं आलं असतं. पण त्यांच्या डोक्यात टोमॅटोनंतर मेथी होती आणि मेथीनंतर कोथिंबीर. कोथिंबीर म्हणजे त्यांचा खरा जीव. सकाळी हिरवीगार निघते आणि दुपारी म्हाताऱ्या माणसासारखी मान टाकते, हे त्यांना बघवत नसे. टोमॅटो एकदाचा धड पोचला की मला पालेभाजी मागता येईल, असं ते म्हणायचे. त्यासाठी त्यांना सोलापुरात राहायचं होतं. या गावात आपणहून राहायला मागणारा दुसरा अधिकारी मी बघितलेला नाही.

त्यांनी लाकडी पट्ट्यांची खोकी काढली. बुडाला गवत, बाजूला फटी, वारा खेळता. एकावर एक रचली की वजन लाकडावर जातं, टोमॅटोवर जात नाही. अध्यक्षांनी ती योजना न वाचता मंजूर केली, कारण लाकडाची वखार त्यांच्या मेहुण्याची होती. खोकी आली. साहेबांनी आवारात शेतकऱ्यांची सभा घेतली, एक खोकं काठापर्यंत भरलं, त्यावर दुसरं ठेवलं, त्यावर स्वतः चढून उभे राहिले आणि शेजारी एका हमालालाही उभं केलं. खाली उतरून खालचं खोकं उघडून दाखवलं. एकालाही धक्का नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पुन्हापुन्हा बजावलं की काठापर्यंतच भरायचं, काठाच्या वर एकही टोमॅटो येता कामा नये. सगळे म्हणाले, व्हय की साहेब, आमाला काय कळत न्हाय व्हय.

कळत होतं हो. पण आमच्याकडे माप भरायची एक रीत आहे. ज्वारीची पायली असो की शेंगांचं डालगं, माप काठोकाठ भरलं म्हणजे भरलं असं कुणी मानत नाही. वर शीग पाहिजे. डोंगरासारखा वर उभा राहतो, कडांनी ओघळतो, तो जो जास्तीचा ढीग, ती शीग. ती देणाऱ्याची इभ्रत. सपाट माप घातलं तर घेणारा काही बोलत नाही, पण चार गावांत बोभाटा होतो.

तर गाडी भरायच्या दिवशी साहेबांनी जातीने उभं राहून खोकी भरून घेतली. सगळी काठोकाठ, बघत राहावीत अशी. मग ते चालानावर सही करायला आत आले. तेवढ्यात बाहेर एकेका शेतकऱ्याने आपापल्या खोक्यावर गुपचूप ओंजळ ओंजळ शीग लावली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, आपल्या एकट्याचीच आहे, एकट्याने काय होतंय. हमालांनी त्यावर दुसरी खोकी चढवली. त्या खोक्यांनाही शीग होतीच. लाकडाने जे वजन घ्यायचं ते सगळं टोमॅटोने घेतलं.

गाडीचे ड्रायव्हर बाशाभाई. ते तिसऱ्या दिवशी परत आले ते थेट खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं. टेंभुर्णीच्या पुढे गाडीतून रस गळायला लागला तो थांबेना. मागे सडकेवर लाल पट्टा. एका नाक्यावर लोकांनी गाडी अडवली, बाशाभाईंना खाली ओढलं, चाकाखाली वाकून वाकून बघायला लागले. "साब, लोगां पूछते थे किसकू मारके आया," ते म्हणाले. "मैं बोला, टमाटे कू. कोई मानताच नै." मुंबईत पोचल्यावर दलालाने फडकं उचलून बघितलं आणि परत झाकलं.

हसू नका, मी हसले होते आणि मला नंतर वाईट वाटलं. कारण आमच्या संघाची आणखी एक रीत होती. ज्याचा माल नासला त्याचं नाव गावासकट पुढच्या सभेत मोठ्याने वाचायचं. त्या सभेत मी टाइप केलेली नावं वाचून दाखवली गेली. पहिलंच नाव टेंभुर्णीकडच्या दगडूतात्यांचं होतं. सत्तरीचा माणूस, डोक्याला भगवा पटका, संघात सगळ्यांना वडिलांसारखा. नाव वाचल्यावर नियमाप्रमाणे उभं राहायचं. तात्या उभे राहिले आणि मान खाली घातली. तेव्हा साहेब आपल्या जागेवरून उठले आणि म्हणाले, "माल यांचा चांगलाच होता. तो वाटेत नासला. वाटेचा माणूस मी आहे. नावं वाचायचीच तर माझं वाचा." अध्यक्ष म्हणाले, तशी तरतूद नाही. उरलेली नावं वाचली गेली. साहेब शेवटपर्यंत उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

सभा संपल्यावर त्यांनी तात्यांना बाजूला घेतलं. मला वाटलं, आता भाषण. पण त्यांनी एवढंच विचारलं की एवढं सांगूनही वर का भरलं.

"साहेब, तुमचं समदं पटलं," तात्या म्हणाले. "पर दारात आलेल्या जोगत्यालाबी आमी सपाट माप घालत न्हाय. मुंबईच्या मानसानं खोकं उघडावं आन म्हनावं, कोन दळिद्री हाय ह्यो? तेवडं तोंड घेऊन कुटं जायाचं?"

साहेबांनी दोन दिवस टेबलाकडे ढुंकून पाहिलं नाही. मोठ्या साहेबांनी हंगामाअखेरीस यायचं ठरवलेलं, हंगाम चढलेला, अध्यक्षांना खोक्यांची कोंबड्यांची खुराडी करायची घाई झालेली, आणि हे आपले कडुनिंबाखाली बसून डालग्याकडे बघतायत. मला तर वाटलं, सरकलं यांचं. तिसऱ्या दिवशी उठले आणि थेट टेंभुर्णीला गेले. तिथे त्यांनी जे सांगितलं ते तात्यांनीच मला पुढे ऐकवलं. म्हणाले, "तात्या, शीग द्यायची. सोडायची नाही. पण तुमची इभ्रत माझ्या खोक्यात मावत नाही. ती वेगळी पाठवू."

आणि तसंच केलं. खोकी काठोकाठ, वर फळी. आणि प्रत्येकाची शीग वेगळ्या छोट्या पाटीत. पाटीला नावाची चिठ्ठी, वरून ओलं फडकं. या पाट्या सगळ्यात वर ड्रायव्हरच्या मागे बांधायच्या, आणि मुंबईत खोकं उघडलं की पाटी त्यावर पालथी करायची. म्हणजे घेणाऱ्याला शिगेचं माप मिळालं, देणाऱ्याचं तोंड राहिलं, आणि टोमॅटो जागेवर. ऑफिसात सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. नासाडीच्या साहेबांनी शिगेला वेगळं तिकीट काढलं, असं हेडक्लार्क म्हणाले. अहो, पण शेतकऱ्यांना पटलं. एकानेही चोरून एक टोमॅटो वर ठेवला नाही.

त्या गाडीबरोबर साहेब स्वतः गेले. पुढे केबिनमध्ये नाही, मागे, खोक्यांवर. बाशाभाई सांगत होते की खड्डा आला की मागून फळीवर थाप पडायची. "साब बोले, जच्चा कू लेके जा रै समजके चला. मैं पूरा रस्ता वैसाच चलाया." बाळंतिणीला नेतात तशी ती गाडी मुंबईला पोचली. दलालाने खोकं उघडलं, दुसरं उघडलं, मग खालचं काढायला लावलं. साहेबांनी शीग स्वतःच्या हाताने लावली, एकेक पाटी, नाव मोठ्याने वाचून. तिथल्या बाजारात, एवढ्या गर्दीत, टेंभुर्णीच्या दगडूतात्यांचं नाव कुणीतरी अभिमानाने वाचलं.

ते परतले तेव्हा त्यांच्या शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाई, पोचले." एवढंच. मी खाली बघून उगाच रिबन नीट करत बसले, कारण मला रडू येत होतं.

त्या हंगामात त्यानंतरच्या आमच्या सगळ्या गाड्या तशाच गेल्या. एखाद्या खोक्यात चारदोन मऊ पडायचे, ते तिथले हमाल आमटीला न्यायचे. खाल्लं म्हणजे नासाडी नाही, या हिशेबाने नासाडी शून्य. मुंबईचा दलाल पत्र पाठवून आमचाच माल मागायला लागला. साहेब मेथीच्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बघायला लागले आणि मला म्हणाले की पुढचा हंगाम पाल्याचा.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग अध्यक्षांच्या लक्षात आलं की कक्षाला पैसे नासाडीमुळे मिळतात.

नासाडीच नसेल तर नासाडीचा कक्ष कशाला? आणि कक्ष नाही तर खोकी नाहीत, खोकी नाहीत तर मेहुण्याची वखार नाही, जीपचं पेट्रोल नाही. अध्यक्ष आमच्या साहेबांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले, चहा मागवला, आणि इतक्या गोड आवाजात बोलले की मी टायपिंग थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की मोठे साहेब आले की थोडी नासाडी आहे म्हणून सांगा. फार नको, गाडीमागे एक पाटी. अजून बरंच काम बाकी आहे म्हणा. तुम्हालाही इथेच राहायचंय, तुमची ती कोथिंबीर करायचीय, आम्हालाही तुम्ही हवेत. मुंबईला जाऊन कोण बघतंय? मेहुण्याने तर दाखवण्यापुरते नासके टोमॅटो पुरवायचीही तयारी दाखवली. अडलेल्याला मदत करणारा माणूस तो.

साहेब ऐकून घेत होते. नाही म्हणाले नाहीत. मी मनात म्हटलं, चला, आलं डोकं ताळ्यावर. कारण सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती. माझी नोकरी संघाची होती, अध्यक्षांना जीप कुठूनही मिळाली असती. सोलापूर सुटलं असतं ते फक्त त्यांचं.

मोठे साहेब आले. हार झाले, भाषणं झाली, अध्यक्षांनी नासाडीचा प्रश्न किती गंभीर आहे ते सांगितलं. मग मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांना विचारलं, पहिली गाडी नासली ते कळलं, त्यानंतर नासाडी किती.

"नाही," साहेब म्हणाले.

मोठ्या साहेबांना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. साहेब पुन्हा म्हणाले, नाही. अध्यक्ष मागून खोकले. हेडक्लार्क खोकले. साहेबांनी खोकल्याकडे लक्ष दिलं नाही. ते पुढे घाईने सांगायला लागले की पण मेथी नासते, कोथिंबीर तर फारच, मला एक हंगाम द्या, मी तयारी केलीय. त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. मोठ्या साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, अभिनंदन केलं, आणि सांगितलं की कोथिंबीर टोमॅटोच्या हेडखाली येत नाही. कक्षाचं उद्दिष्ट पूर्ण झालं, तेव्हा कक्ष बंद करायला हरकत नाही. त्या वाक्यालाही टाळ्या पडल्या. आमच्या लोकांना टाळ्या कुठे वाजवायच्या हे कधी कळलंच नाही.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. नासाडी थांबवण्याचा एवढा अनुभव असलेल्या माणसाला खात्याने कंपोस्ट खताच्या योजनेवर पाठवलं होतं, लांब तिकडे वऱ्हाडात. ऑफिसात दिवसभर दुसरा विषय नव्हता. शिपाई म्हणाला, साहेब, तितं तर नुसतं कुजवायचं काम हाय. मला वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल. त्यांनी थोडा विचार केला आणि त्याला विचारलं, "किती दिवसांत कुजवायचं असतं, काही कल्पना?"

पुढच्या हंगामात काय झालं तेही सांगून टाकते. शीग बांधायला कुणी उभं राहिलं नाही, तेव्हा पाट्या बंद पडल्या आणि शीग परत खोक्यावर आली. सडक परत लाल झाली. संघाने रीतसर अर्ज केला, कक्ष परत निघाला, नवे साहेब आले. फार समजूतदार गृहस्थ. दरवर्षी बेताची नासाडी दाखवायचे, फार नाही, थोडी नाही. ते पेन्शनीपर्यंत सोलापुरात राहिले आणि त्यांनी बंगला बांधला. सभेत नावं वाचली जायची, दगडूतात्या दोन वर्षं उभे राहिले आणि मग यायचे बंद झाले.

आमच्या साहेबांचा शेवटचा दिवस मला आठवतो. त्यांचं सामान बायको आदल्या आठवड्यातच घेऊन गेली होती. टेबल रिकामं करून ते निरोप घ्यायला माझ्याकडे आले. मला इतका राग आला होता की मी नमस्कारसुद्धा केला नाही. म्हटलं, "साहेब, एक पाटी नासली म्हणाला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? तुम्ही इथे राहिला असता. कोथिंबीर झाली असती तुमची. एक पाटी हो, एक."

ते माझ्या टाइपरायटरकडे बघत उभे राहिले.

"पाटी म्हटली की सभेत नाव वाचावं लागतं, बाई," ते म्हणाले. "कुणाचं टाइप केलं असतंत?"

त्या हंगामातली सगळी नावं मला पाठ होती. गावासकट. मी मोहोळपासून सुरुवात केली आणि एकेक माणूस डोळ्यांपुढे आणत गेले. याचं नको, त्याची पोर लग्नाची आहे. त्याचं नको, तो आधीच मान वर करून बोलत नाही. टेंभुर्णीपर्यंत आले, तात्यांपाशी थांबले, तिथून पुढे गेले, आणि गावं संपली.

साहेब थांबले होते. मला चिडवत नव्हते, खरोखरच उत्तराची वाट बघत होते. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, एसटी चुकेल म्हणाले आणि गेले.